नकाशा उघडा! सरलेल्या वर्षातल्या आपत्तींवर वाचकांचे प्रश्न

संपादकांनी या खेपेला पत्रांचा जो गठ्ठा पाठवला, त्यातलं एकही पत्र नवीन वर्षाच्या शुभेच्छांवर थांबलेलं नाही. सगळ्यांना २०२३चा हिशेब हवा आहे. कुठे धरण वाहून गेलं, कुठे शहर जळालं, कुठे ऑगस्टभर आभाळ कोरडं. सदराचा नियम जुन्या वाचकांना पाठ आहे, नव्यांसाठी परत सांगते: उत्तर वाचताना नकाशा समोर हवा. मोबाइलवरचा चालेल, पण घरात मुलांचा जुना ॲटलास असेल तर जास्त बरा, त्यात मध्येच जाहिरात येत नाही. पत्रं मी कापून आखूड केली आहेत. जन्मभर भूगोलाचे पेपर तपासल्यावर लाल पेन आपोआप चालतं.

बाई, २०२३मधल्या जगभरातल्या महत्त्वाच्या नैसर्गिक आपत्तींची महिनावार यादी द्याल का? राज्यसेवेला विचारू शकतात.
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे)

यादी तुला क्लासवाले देतील, रंगीत तक्त्यात. मी एक रेघ देते, ती नकाशावर ओढ.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यासमोर, समुद्रात आत, पेन्सिल टेकव. तिथे ६ फेब्रुवारीला ‘फ्रेडी’ या चक्रीवादळाचं बारसं झालं. आता रेघ पश्चिमेला ने, आख्खा हिंदी महासागर ओलांडून. २१ तारखेला मादागास्करचा पूर्व किनारा. बेट पार करून २४ला मोझांबिक. एरवी वादळ जमिनीवर चढलं की त्याचा दाणागोटा तुटतो आणि ते विरतं. फ्रेडी माघारी वळलं, मोझांबिकच्या सामुद्रधुनीत उतरलं, तिथल्या कोमट पाण्यावर पुन्हा अंग धरलं आणि ११ मार्चला त्याच देशावर दुसऱ्यांदा, केलिमाने शहराजवळ आदळलं. पाच आठवड्यांहून जास्त ते जिवंत होतं. आधीचा विक्रम १९९४मधल्या पॅसिफिकच्या ‘जॉन’चा, ३१ दिवसांचा.

पेन्सिल उचलू नकोस. केलिमानेवरून वायव्येला मलावीत ने. मलावीला समुद्रकिनाराच नाही, आणि फ्रेडीत सर्वांत जास्त माणसं गेली ती तिथे: मृत आणि बेपत्ता मिळून बाराशेच्या वर. ब्लँटायर शहर डोंगराच्या अंगावर वसलेलं. चिलोब्वेसारख्या वस्त्या उताराला चिकटून, कच्च्या विटांच्या. वरची झाडं कोळशासाठी तोडलेली. दिवसचे दिवस पडलेल्या पावसानं उतार भिजला आणि रात्री दगडमाती घरांवर आली. देशात कॉलऱ्याची साथ आधीपासून चालू होतीच. तुझ्या नोट्समध्ये ‘चक्रीवादळ : किनारपट्टीची आपत्ती’ असं लिहिलेलं असेल तर ती ओळ खोड.

तुर्कस्तान-सीरिया आणि मोरोक्कोतले भूकंपही हवामानबदलामुळेच झाले का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तसं ठणकावून सांगतात.
(निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

नाही. ठणकावणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

६ फेब्रुवारीला पहाटे ७.८चा आणि त्याच दुपारी ७.५चा धक्का बसला, तो अनातोलियाचा आणि अरबस्तानचा भूपट्ट एकमेकांना घासतात म्हणून. मोरोक्कोत ८ सप्टेंबरच्या रात्री ६.८चा बसला, तो आफ्रिका युरोपकडे सरकते आहे म्हणून. वरची हवा तापली काय नि गार झाली काय, इतक्या खोलवरच्या खडकाला त्याचा पत्ता नसतो. पाण्याची गोष्ट निराळी. मी कराडची, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या धक्क्यात आईनं आम्हा भावंडांना गोधड्यांसकट अंगणात ओढलं होतं. धरणात साठलेल्या पाण्याचा भूकंपांशी काय संबंध, हे शिकवताना जगभर कोयनेचं उदाहरण देतात. पण तोही माणसानं अडवलेल्या पाण्याचा प्रताप, हवामानबदलाचा नव्हे.

तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली ती बहुतेक करून इमारतींखाली. तळमजल्यावर दुकानांसाठी खांब-भिंती छाटलेल्या, आणि नियमाबाहेरच्या बांधकामांना पैसे भरून माफी मिळालेली. डोंबिवलीत हा विषय ग्रुपवर काढायला काहीच हरकत नाही.

बाई, आम्ही २०२१चा महापूर पहिल्या मजल्यावरून पाहिला. तेव्हापासून इथे एकच भांडण: पूर पावसानं आला की धरणातून सोडलेल्या पाण्यानं? मग लिबियात धरणंच फुटल्याचं वाचलं. तिथे नेमकं काय झालं?
(गृहिणी आणि तुमची जुनी विद्यार्थिनी, चिपळूण)

विचारलंस ते बरं केलंस. २०२३मधली एकच घटना शिकवायची झाली तर मी डेर्नाच घेईन.

लिबियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, बेनगाझीच्या पूर्वेला, जबल अल-अख्दर हा डोंगराळ पट्टा आहे; वाळवंटी देशातला त्यातल्या त्यात हिरवा तुकडा. तिथून ‘वाडी डेर्ना’ ही नदी समुद्राकडे येते; ही वाडी आपली वस्ती नव्हे, अरबीत कोरड्या नदीपात्राला वाडी म्हणतात. नदी आपली म्हणायची, वर्षातला बहुतेक काळ कोरडी. तिच्या दोन्ही काठांवर डेर्ना शहर. तिला कधीमधी येणारा लोंढा अडवायला १९७०च्या दशकात एका युगोस्लाव्ह कंपनीनं दोन धरणं बांधली. वरचं अबू मन्सूर, शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर, क्षमता सव्वादोन कोटी घनमीटर. खालचं शहराच्या अगदी डोक्याशी, क्षमता जेमतेम १५ लाख घनमीटर. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेव. दोन्ही दगडमातीची, पोटात चिकणमातीचा गाभा.

‘डॅनियल’ वादळानं आधी ग्रीसला झोडपलं. ५ सप्टेंबरला झागोरा या डोंगरातल्या गावी एका दिवसात ७५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. मग ते भूमध्य समुद्रावर घुटमळलं, उन्हाळाभर तापलेल्या पाण्यातून बळ घेतलं आणि १० तारखेला लिबियावर आलं. अल-बायदा इथे चोवीस तासांत ४१४ मिलिमीटर. माझ्या अंगणात रेनगेज आहे; पावसाळ्यात सकाळी साडेआठला बाटली मोजपात्रात ओतायची नि वहीत आकडा लिहायचा. म्हणून मला मिलिमीटर म्हटलं की फूटपट्टी नाही, पाणी दिसतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ४१४ मिलिमीटर म्हणजे स्वयंपाकघरातल्या चौरस मीटरभर फरशीवर पंधरा लिटरचे सत्तावीस हंडे भरून ओतायचे, आणि शेजारच्या चौरस मीटरवर पुन्हा सत्तावीस. जमीन खडकाळ, उतार उघडे. मुरायला वाव नाही.

११ सप्टेंबरच्या पहाटे, तीनच्या आसपास, धरणं गेली. मातीच्या धरणावर माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की ते पलीकडच्या उताराची माती खरवडत नेतं. आधी ओघळ, मग खाच, मग खिंडार. तिथून पुढे थांबवणं माणसाच्या हातात राहत नाही. वरच्या धरणाचं पाणी खालच्यावर आलं. सव्वादोन कोटी घनमीटरचं पाणी १५ लाखांच्या भांड्यात! खालचं टिकणं शक्यच नव्हतं. शहराचा मधला पट्टा, पूल, रहिवासी इमारती, झोपलेली माणसं असं सगळं समुद्रात गेलं. हजारो मेले, हजारोंचा पत्ताच लागला नाही.

पुणेकर वाचकांना इथे १२ जुलै १९६१ आठवला असेल. पानशेतही मातीचं. काम पुरं व्हायच्या आत पाणी साठलेलं. लष्कराचे जवान वाळूची पोती टाकून धरण तोलून धरत होते. ते फुटलं, त्याचं पाणी खडकवासल्यावर आलं आणि खडकवासलाही गेलं. वर एक धरण, खाली दुसरं, पायथ्याशी शहर. पुण्याचं नशीब एवढंच की ते दिवसाउजेडी झालं.

आता तुमचं भांडण. धरण फुटणं आणि दरवाजे उघडून विसर्ग करणं या दोन निरनिराळ्या गोष्टी. सोडलेलं पाणी मोजता येतं, कधी पोचेल तेही सांगता येतं. तेव्हा भांडायचंच तर ‘पाऊस की धरण’ यावर भांडू नका. किती क्युसेक सोडले, किती वाजता, आणि खालच्या गावांना कधी कळवलं यावर भांडा. कागद मागा.

डेर्नात असा कागद मागावा तर कुणाकडे? देशात दोन सरकारं, एक त्रिपोलीत, एक पूर्वेला. लिबियाच्या हवामान खात्यानं वादळाचा इशारा तीन दिवस आधी दिला होता, ईमेलनं पाठवला होता, माध्यमांतही आला होता. पण त्यात धरणांबद्दल चकार शब्द नव्हता. पाऊस एका खात्याचा, भिंत दुसऱ्या खात्याची. भिंतींना भेगा असल्याचं १९९८मध्येच नोंदलं होतं. दुरुस्तीला पैसे मंजूर होऊनही काम झालं नाही, हे २०२१च्या सरकारी लेखापरीक्षणात आहे. २०२२मध्ये लिबियातल्याच एका जलतज्ज्ञानं शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं की मोठा पूर आला तर शहराची धडगत नाही. आणि त्या रात्री? काहींना घर सोडा म्हणून सांगितलं गेलं, काहींना घरातच बसा म्हणून.

कुठल्याही आपत्तीची बातमी वाचताना मी मिलिमीटर नंतर बघते. आधी बघते की कुणाला, किती वाजता आणि काय सांगितलं होतं.

जूनमध्ये लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला होते. ७ तारखेला भरदुपारी आभाळ शेंदरी झालं, सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. आग म्हणे कॅनडात लागली होती. एवढ्या लांबचा धूर तिथवर कसा आला?
(निवृत्त परिचारिका, ठाणे)

वाटतं तितकं लांब नाही. त्या दिवशीचा धूर मुख्यतः क्वेबेक प्रांतातला. तिथून न्यू जर्सी म्हणजे मुंबईहून दिल्लीपेक्षा कमीच. मेन आणि नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापाशी कमी दाबाचं क्षेत्र अडून बसलं होतं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे त्याच्या पश्चिम बाजूचं वारं उत्तरेकडून खाली येतं. तुम्ही नेमक्या त्या पश्चिमेच्या बाजूला होतात. धुराचे कण सूर्यप्रकाशातला निळा भाग अडवतात, तांबडा-केशरी पुढे सोडतात. तुम्हाला ते शेंदरी वाटलं. फुप्फुसांना काय वाटतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

कॅनडात वर्षभरात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी ७ लाख हेक्टर आहे, अर्धं करून बघा. पण ऑगस्टमध्ये यलोनाइफची आख्खी वस्ती, वीस हजारांच्या आसपास माणसं, गाड्यांनी आणि विमानांनी वेळेत बाहेर काढली आणि शहर वाचलं, ही बातमी आपल्याकडे कोपऱ्यातही आली नाही. न्यूयॉर्कच्या केशरी आकाशाचे फोटो मात्र सगळीकडे. दिल्लीकर दर नोव्हेंबरात तेच गिळतात, त्याचं कुणाला अप्रूप नाही.

हवाईत जळालेल्या शहरातला प्रसिद्ध वड भारतातून नेलेला, हे खरं का? आणि चहूकडे समुद्र असताना शहर जळतं कसं?
(वनखात्यातून निवृत्त, सावंतवाडी)

खरं आहे. लहाइनाचा तो वड आपल्याकडचाच. पहिले प्रोटेस्टंट मिशनरी तिथे आले त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २४ एप्रिल १८७३ला लावला. लावताना आठ फुटांचा होता. ८ ऑगस्टच्या आगीत तो होरपळला, पण सप्टेंबरात त्याला पुन्हा पालवी फुटली. वडाच्या चिवटपणाचं तुम्हाला नवल नसणार.

माझं लक्ष वडापेक्षा गवताकडे जास्त गेलं. माउई बेटाच्या या बाजूला शतकाहून अधिक काळ ऊस होता. लहाइनाची साखर गिरणी १९९९मध्ये बंद पडली, बेटावरची शेवटची २०१६मध्ये. ऊस गेला, पाटपाणी थांबलं, जमिनी पडीक पडल्या आणि त्यावर गिनी गवत माजलं. हो, तेच, आमच्याकडे कृष्णाकाठी बांधावर लावून म्हशींना कापून घालतात ते. तिथेही चारा म्हणूनच नेलं होतं. पावसात माणसाच्या उंचीचं वाढतं आणि पाऊस थांबला की त्याची काडी होते. कापायला कुणी नाही, चरायला कुणी नाही, आणि थेट घरांच्या कुंपणापर्यंत पसरलेलं. आमच्या भागात कारखाना बंद पडला की चर्चा होते ती कामगारांच्या थकलेल्या पगारांची. रानाचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही.

त्या दिवशी बेटांच्या उत्तरेला हवेचा दाब जास्त होता आणि दक्षिणेला शेकडो किलोमीटरवरून ‘डोरा’ हे वादळ चाललं होतं. दोघांच्या मध्ये वारं पिसाटलं. ते डोंगरावरून खाली उतरत होतं, उतरताना आणखी कोरडं होत होतं. विजेचे खांब कोसळले, तारा रस्त्यांवर आल्या, बाहेर पडायच्या वाटा तुंबल्या. समुद्र होता म्हणून काही जण वाचले. पाण्यात उड्या टाकून तासन्‌तास तिथेच तरंगत राहिले. शंभरच्या आसपास माणसं मेली.

हवाईत भोंग्यांचं जाळं मोठं आहे, दर महिन्याला त्याची चाचणी होते. त्या दिवशी भोंगे वाजले नाहीत. आपत्ती विभागाच्या प्रमुखांनी कारण दिलं की भोंगा ऐकला की लोक त्सुनामी समजून डोंगराकडे पळाले असते, आणि आग डोंगराकडूनच येत होती. हे सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडलं. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं साफ खोटं नाही. पण भोंग्याचा एकच अर्थ लोकांच्या मनात रुजू दिला, ही चूक त्या एका दुपारची नव्हे, आधीच्या कैक वर्षांची.

अल निनो आला म्हणून आमचा ऑगस्ट कोरडा गेला, उडीद-मूग वाळले. त्याच वेळी चीनमध्ये महापूर. एकच अल निनो इकडे दुष्काळ आणि तिकडे पूर कसा करतो?
(शेतकरी, आटपाडी)

तिकडचा पूर अल निनोच्या माथी मारू नका, तो एका वादळाचा होता. पण आधी आपलं घेते.

प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला अल निनो म्हणतात. वर चढणाऱ्या दमट हवेचं ठिकाण मग पूर्वेला सरकतं आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग उभा राहत नाही. पण हे गणित दर वेळी सुटत नाही. १९९७चा अल निनो जबरदस्त होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. २०२३मध्ये ऑगस्टात देशभरात ३६ टक्के तूट आली. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. आणि हंगाम संपल्यावरचा आकडा किती? सरासरीच्या ९४ टक्के, म्हणजे कागदावर फार काही बिघडलेलं नाही. जुलै आणि सप्टेंबरनं भर घातली. तुमच्या उडदाला सप्टेंबरचा पाऊस काय कामाचा? हंगामाची सरासरी हा आकडा धरणवाल्यांसाठी बरा, पेरणाऱ्यांसाठी नाही, हे मी वर्गातही सांगायचे नि कृषी खात्यातले विद्यार्थ्यांचे पालक नाराज व्हायचे.

आता चीन. ‘डोकसुरी’ वादळ २८ जुलैला फुजियान प्रांतात जमिनीवर आलं. वाऱ्याचा जोर ओसरला, पण त्यातली वाफ उत्तरेला सरकत बीजिंगपर्यंत गेली. पुढे जास्त दाबानं वाट अडवलेली आणि पश्चिमेला तैहांग डोंगर. दमट वारं त्या डोंगरावर चढलं. सह्याद्री आपल्याकडे जे काम करतो तेच झालं, पण तिथे त्याची सवय नाही. २९ जुलै ते २ ऑगस्ट या काळात बीजिंगच्या एका केंद्रावर ७४४.८ मिलिमीटर. १४० वर्षांच्या नोंदींत असं नव्हतं.

तुम्हाला, शेतकऱ्याला, त्यातला पुढचा भाग कळेल. पाणी खाली हेबै प्रांतात आलं. तिथे पूरसाठवणीची क्षेत्रं ठरलेली आहेत, म्हणजे वेळ आली की पाणी मुद्दाम घ्यायची जमीन. त्या जमिनीवर गावं आहेत, मक्याची शेतं आहेत. झुओझोउ शहर पाण्यात गेलं. प्रांताच्या पक्षप्रमुखांनी राजधानीसाठी हेबै ‘खंदक’ होईल अशा अर्थाचं विधान केलं आणि चीनमध्येसुद्धा लोक भडकले. सरकारनं भरपाई जाहीर केली. पण कुणाचं रान बुडवून कुणाचं शहर वाचवायचं हा हिशेब इतक्या उघड बोलला जाणं विरळाच.

पंचांगात दर पावसाच्या नक्षत्राला बेडूक, म्हैस, मेंढा असं वाहन दिलेलं असतं. त्यावरून पाऊस कळतो का?
(वाचक, कुर्डूवाडी)

सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचं. या भागाकारात समुद्राचं तापमान कुठेच येत नाही. पुढचं पत्र.

इर्शाळवाडी आमच्या शाळेपासून फार लांब नाही. दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनेकांचे मोबाइल एकदम किंचाळले. सरकारच्या इशारा यंत्रणेची चाचणी होती म्हणे. मुलं मला विचारतात, ‘हे काल का नाही वाजलं?’ काय सांगू?
(प्राथमिक शिक्षिका, कर्जत तालुका, रायगड)

मुलांचा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर देताना त्यांना काही लपवू नका.

१९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरांची वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नसल्यानं बचावपथकांनाही पायीच चढावं लागलं. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, हेही तिथेच सांगितलं गेलं. २० जुलैचा तो कर्कश आवाज दूरसंचार विभागाच्या चाचणीचा होता, दरडीशी त्याचा संबंध नव्हता. पण समजा ती यंत्रणा आदल्या रात्री तयार असती, तरी यादीत नसलेल्या वाडीसाठी बटण कुणी दाबलं असतं? मुलांना हे सांगा. मोठी माणसं यंत्राबद्दल खूप बोलतात, यादीबद्दल बोलत नाहीत.

इशारा देऊन काही होत नाही असं मात्र त्यांच्या मनात राहू देऊ नका. जूनमध्ये ‘बिपरजॉय’ कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं, त्याआधी गुजरातेत लाखाच्या आसपास माणसं हलवलेली होती. खांब पडले, झाडं पडली, माणसं वाचली. मे महिन्यात ‘मोखा’ आलं तेव्हा बांगलादेशानं किनाऱ्यावरची लाखो माणसं निवाऱ्यात नेली. तेच वादळ म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यावर चढलं, तिथल्या छावण्यांतल्या रोहिंग्यांवर मात्र ते कोसळलंच. वादळ एक, सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन निकाल.

आणि कधी अंदाजच चुकतो, हेही सांगा. मेक्सिकोतल्या अकापुल्कोसमोर ‘ओटिस’ २४ ऑक्टोबरच्या सकाळी साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. मध्यरात्रीनंतर ते शहरावर आलं तेव्हा पाचव्या, सर्वांत वरच्या श्रेणीचं झालेलं, वारा ताशी अडीचशे किलोमीटरांहून जास्त. बहुतेक संगणकी प्रारूपांना त्याचा वासही लागला नव्हता. तिथे कुणी झोपलं नव्हतं की कुणी फाइल दाबून ठेवली नव्हती. समुद्राच्या तापलेल्या पाण्यावर वादळं इतक्या झपाट्यानं फुगायला लागली आहेत. कोपर्निकस या युरोपीय संस्थेच्या हिशेबानं २०२३ हे औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा १.४८ अंशांनी उष्ण होतं. त्यातली बरीचशी उष्णता समुद्रातच जाऊन बसते.

तुमच्या शाळेत करण्याजोगं एक आहे. उभ्या सरळ भिंतीचा कुठलाही डबा घ्या. बुडाशी निमुळता नको, पोटाशी फुगीर नको. उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, जमिनीवर पक्का रोवा. रोज सकाळी एकाच वेळी पट्टी उभी धरून पाणी मिलिमीटरात मोजा, वहीत लिहा, ओता. डबा रुंद की अरुंद यानं फरक पडत नाही, हे मुलांना आधी पटत नाही; दोन डबे शेजारी ठेवून दाखवा. दुसऱ्या पानावर वाडी-वस्तीवरून येणाऱ्या मुलांच्या नोंदी: झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, झरा अचानक आटला का, जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडली का, काल लागणारं दार आज अडकतं का, उतारावरचं झाड कललं का. हे आजी-आजोबांना सगळ्यांत आधी दिसतं. वहीची प्रत तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

बाईआजी, वादळांना नावं कोण देतं? माझं नाव देता येईल का?
(इयत्ता सहावी, नाशिक)

अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात होणाऱ्या वादळांसाठी तेरा देशांनी मिळून नावांची यादी केली आहे. देशांची क्रमवारी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली, म्हणून बांगलादेश पहिला आणि येमेन शेवटचा. प्रत्येकाची पाळी आली की त्याचं नाव वापरायचं. नाव द्यायचं काम दिल्लीच्या हवामान केंद्राचं. २०२३मध्ये ‘मोखा’ येमेननं दिलेलं होतं, तिथे यादीचा पहिला रकाना संपला. मग पुन्हा वरून सुरुवात: ‘बिपरजॉय’ बांगलादेशाचं, ‘तेज’ आपलं, ‘हामून’ इराणचं, ‘मिधिली’ मालदीवचं, आणि डिसेंबरात चेन्नईला बुडवणारं ‘मिचाँग’ म्यानमारचं. ‘फ्रेडी’ या यादीतलं नाही. ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलं म्हणून त्यांच्या यादीतलं. ‘डॅनियल’ ग्रीसच्या हवामान खात्यानं ठेवलं.

आपल्या समुद्रात एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरत नाहीत. नाव लहान हवं, म्हणायला सोपं हवं, कुणाच्या भावना दुखावणारं नको. तुझं नाव चार अक्षरी आहे आणि त्यात जोडाक्षर आहे, तेव्हा अवघड दिसतं. ‘मिचाँग’नंतरचं नाव होतं ‘रेमल’, ते २०२४मध्ये वापरलं गेलं. ते ओमाननं दिलेलं.